इलेक्ट्रिक डक्टची दारं बदलताना: प्रभादेवीतल्या एका सोसायटीचं प्रकरण

जानेवारीत फॉर्म 'बी'साठी, म्हणजे इमारतीची अग्निसुरक्षा ठीक असल्याच्या प्रमाणपत्रासाठी, पाहणी करायला आलेल्या लायसन्स्ड एजन्सीने चौदाही मजल्यांसमोर एकच शेरा लिहिला: 'इलेक्ट्रिक डक्टचे दार अग्निरोधक नाही. बदलावे.' कमिटीने त्याचा सरळ अर्थ लावला की चौदा दारं विकत घ्यायची आणि जुन्या जागी बसवून टाकायची. तीन कोटेशनं मागवली आणि त्यांतलं कुठलं घ्यावं एवढंच सांगायला मला बोलावलं. काम संपल्यावर हिशेब मांडला, तेव्हा दारांवर गेला जवळजवळ तेवढाच पैसा दारांभोवतीच्या भिंतीवर आणि स्लॅबमधल्या भोकांवर गेला होता. खजिनदारबाईंना तो आजही खटकतो. माझ्या मते कामाचा खरा उपयोग त्याच पैशात आहे.

इमारत चाळीच्या जागी उभी राहिलेली, स्टिल्ट (खांबांवरचा मोकळा तळमजला) अधिक चौदा मजले. मजल्यावर चार घरं, मधे लांबट लॉबी, एका टोकाला जिना आणि त्याला लागून, लिफ्टच्या बाजूला, इलेक्ट्रिक डक्ट, म्हणजे विजेच्या केबली वर नेणारी उभी पोकळी. सप्लाय बेस्टचा. मीटर तळमजल्यावरच्या मीटर केबिनमध्ये आहेत आणि तिथून प्रत्येक घराची केबल डक्टमधून वर चढते. डक्टला मजल्यागणिक दोन पल्ल्यांचं दार होतं: एकोणीस मिलिमीटरचा प्लाय, वर भिंतीशी जुळणारी सनमायका, बंद राहायला चुंबकी कॅच. दिसायला नीटनेटकं.

उघडल्यावर मात्र दुसराच संसार. पाचव्या मजल्यावर गणपतीच्या मखराचं थर्माकोल, नवव्यावर रद्दीचे गठ्ठे आणि ॲल्युमिनियमची शिडी, अकराव्यावर कुणाच्या तरी पावसाळी चपला. इंटरनेटवाल्यांच्या केबली पॉवर केबलींनाच प्लास्टिकच्या टायने बांधलेल्या. त्यांत बऱ्याच मेलेल्या, कारण ऑपरेटर बदलला की नवा माणूस नवी केबल ओढतो, जुनी काढायला कुणी येत नाही. आणि खाली वाकून टॉर्च मारला तर थेट तळमजल्याच्या लाद्या दिसत होत्या. प्रत्येक स्लॅबमध्ये केबलींसाठी ठेवलेलं भोक बांधकामापासून तसंच उघडं होतं. म्हणजे स्टिल्टपासून गच्चीपर्यंत एक सलग धुराडं, आणि त्याला मजल्यामजल्यावर लाकडी झडपा.

नियम काय मागतो

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे इमारतीतली अग्निसुरक्षा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालक किंवा भोगवटादाराची, म्हणजे इथे सोसायटीची. ती यंत्रणा ठीक असल्याचं लायसन्स्ड एजन्सीचं प्रमाणपत्र, ज्याला सगळे फॉर्म 'बी' म्हणतात, दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. दाराच्या रेटिंगचा, म्हणजे त्याने आग किती मिनिटं अडवावी याचा, आकडा राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ च्या चौथ्या भागात आहे. सर्व्हिस शाफ्टचं (डक्ट हाही शाफ्टच) आवरण किमान १२० मिनिटांचं हवं. इलेक्ट्रिक शाफ्टचं तपासणी दारही १२० मिनिटांचंच हवं. इतर शाफ्टच्या, म्हणजे प्लंबिंग वगैरेंच्या, दाराला ३० मिनिटं पुरतात. त्याच कलमात पुढे लिहिलंय की शाफ्टमधलं वायरिंग आर्मर्ड, म्हणजे धातूचं कवच असलेलं, असावं किंवा धातूच्या पाइपातून जावं, आणि पाइप व भिंत-स्लॅब यांच्यामधली मोकळी जागा १२० मिनिटं टिकणाऱ्या पदार्थाने भरावी. हे शेवटचं वाक्य कोटेशन देणाऱ्यांपैकी एकानेही वाचलेलं दिसलं नाही.

प्लंबिंगच्या शाफ्टसाठीही एका कोटेशनमध्ये १२० मिनिटांचीच दारं लावली होती. ती तिथल्या तिथे ३० मिनिटांवर आणली आणि वाचलेला पैसा पुढे भिंतीच्या कामाला आला. आग विझवायचा पाइप ठेवलेल्या हायड्रंटच्या होज बॉक्सलाही कुलूपबंद फायर डोअर लावायचा बेत होता. तो रद्द केला. जी वस्तू आगीच्या वेळी पहिल्या मिनिटाला हाताशी लागते, तिच्यापुढे कुलूप लावून काय मिळवायचं?

तीन कोटेशनं

पहिलं कोटेशन सुताराचं. सर्वांत स्वस्त, आणि कमिटीतल्या निम्म्या लोकांना पटलेलं, कारण सुतार वीस वर्षं इथेच काम करतो आणि फायर रिटार्डंट प्लायवर आयएस ५५०९ चा शिक्काही होता. शिक्का खराच आहे. पण तो प्लायच्या पत्र्याचा आहे, दाराचा नाही. हा प्लाय चटकन पेटत नाही, ज्वाळा पसरायला वेळ घेतो, इतकंच तो सांगतो. दाराची चाचणी वेगळी असते. पल्ला, चौकट, बिजागऱ्या, कुलूप असा अख्खा संच भट्टीच्या तोंडावर बसवतात. भट्टीचं तापमान अर्ध्या तासात ८४० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि दोन तासांत १०५० च्या जवळ जातं. तेवढा वेळ ज्वाळा पलीकडे यायला नको, मोठ्या फटी पडायला नकोत. सुताराच्या संचाने असली भट्टी पाहिलेली नाही. त्यामुळे तो कितीही चांगला सुतार असो, त्या दाराला मिनिटं लावता येत नाहीत.

दुसरं कोटेशन परदेशी बनावटीच्या ॲक्सेस पॅनेलचं, म्हणजे तयार तपासणी दाराचं. फिनिश उत्तम, दार स्वतः मिटणारं, स्वतः लॅच होणारं, किनारीवर धातूची पट्टी आणि तिच्यावर रेटिंग: दीड तास. इथे बरीच वादावादी झाली, कारण विक्रेत्याचा माणूस छातीठोकपणे म्हणत होता की हे दार दोन तासांच्या भिंतीसाठीच असतं. त्याचं चूक नव्हतं. अमेरिकी पद्धतीत दोन तासांच्या भिंतीतल्या दाराला सहसा दीड तासाचं रेटिंग चालतं. दारासमोर सामान रचलेलं नसतं, म्हणून भिंतीपेक्षा दाराला थोडी सूट, असं त्यामागचं गणित आहे. आपली संहिता इलेक्ट्रिक शाफ्टच्या बाबतीत ती सूट देत नाही. भिंत १२०, दारही १२०. शिवाय आपल्या लॉबीत दारासमोर काय काय रचलेलं असतं ते वर आलंच आहे. दार चांगलं, पण या जागेचं नाही.

तिसरं कोटेशन देशी स्टीलच्या दारांचं, १२० मिनिटं, सोबत चाचणीचा अहवाल. कमिटीला वाटलं, विषय संपला. मी अहवाल मागून घेतला आणि तो बसून वाचला. हा भाग लोक सोडून देतात, पहिलं पान बघतात आणि फाईलला लावतात. अहवालातला चाचणीचा नमुना एका पल्ल्याचा होता आणि कोटेशन होतं दोन पल्ल्यांच्या दाराचं. दोन पल्ले जिथे भेटतात ती उभी रेघ हीच अशा दाराची सर्वांत कमकुवत जागा. तापल्यावर दोन्ही पल्ले आपापल्या परीने वाकतात आणि मधे फट उघडते. एका पल्ल्याचा अहवाल दोन पल्ल्यांच्या दाराला उसना देता येत नाही. चाचणीतल्या नमुन्यापेक्षा मोठ्या मापालाही तो आपोआप लागू होत नाही.

दुसरी गोष्ट दाराच्या पोटात होती. पत्र्यांच्या मधे मधमाश्यांच्या पोळ्यासारखा पुठ्ठा. अशा दारातून दोन तास ज्वाळा पलीकडे येत नाहीत, तसं प्रमाणपत्र त्याला रीतसर मिळतं. पण पलीकडचा पत्रा तापतो, आणि चांगलाच तापतो. उष्णतारोधाचीही अट घातली, तर न तापलेल्या बाजूचं तापमान सरासरी १४० अंशांपेक्षा आणि कुठल्याही एका जागी १८० अंशांपेक्षा जास्त वाढून चालत नाही. ही अट प्रत्येक शाफ्टला हवीच असं मी म्हणणार नाही. डक्ट एखाद्या कोपऱ्यात, वाटेपासून लांब असता तर पुठ्ठ्याचं दार मी निमूट मान्य केलं असतं. इथे डक्टचं दार आणि जिन्याचं दार यांत हातभर अंतर. वरच्या मजल्यांवरची म्हातारी माणसं तापून लाल झालेल्या पत्र्याला खेटून जिन्यात शिरणार का, एवढाच प्रश्न होता. म्हणून रॉकवूल (दगडाच्या तंतूंची न जळणारी लोकर) भरलेलं, उष्णतारोधाची चाचणी झालेलं दार ठरवलं.

शेवटी त्याच विक्रेत्याकडून एक पल्ल्याचं दार घेतलं. पल्ला ४६ मिलिमीटर जाड, दोन्ही बाजूंना १.२ मिलिमीटरचा गॅल्व्हनाइज्ड पत्रा, चौकट १.६ मिलिमीटरची, चारही बाजूंनी. अहवाल रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेचा, नमुन्याचं माप आमच्या मापापेक्षा मोठं, चाचणी दोन्ही बाजूंनी. हे शेवटचं इथे महत्त्वाचं आहे: आग डक्टमध्ये लागू शकते तशी लॉबीतही लागू शकते, आणि बिजागरीच्या बाजूने टिकणारं दार उलट्या बाजूने टिकेलच असं नाही. बिजागरी, लॅच, क्लोजर (दार आपोआप मिटवणारं यंत्र) हे सगळं अहवालात नावानिशी होतं तेच मागवलं. विक्रेता म्हणाला, 'साहेब, क्लोजर आपण लोकल टाकू, सेमच असतो.' मी नाही म्हटलं.

ती भिंत नव्हतीच

दोन पल्ल्यांचं मोठं भगदाड एका पल्ल्याच्या दारापुरतं लहान करायचं, म्हणजे उरलेल्या भागात भिंत बांधायची. पण त्याआधी जुनी चौकट काढून पाहायची होती, म्हणून तिसऱ्या मजल्यावर ती उखडली. चौकटीच्या वर बीमपर्यंत आणि डाव्या अंगाला आम्ही जिला भिंत समजत होतो, ती प्लायची पट्टी निघाली. वर पीओपी, त्यावर रंग. हाताने ठोकून पाहिलं असतं तर कळलं असतं, पण लॉबीची भिंत ठोकून कोण पाहतो! सेक्रेटरी तिथेच उभे होते. म्हणाले, 'म्हणजे आपण प्लायच्या भिंतीत लोखंडी दार लावणार होतो?' हो, आणि त्याला फॉर्म 'बी'ही बहुधा मिळाला असता.

सगळ्या मजल्यांवर ती पट्टी काढून चार इंची एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटांची) भिंत बांधली, दोन्ही बाजूंनी गिलावा केला. एएसी ब्लॉक आगीला चांगला, पण फास्टनर धरायला वाईट. नुसता ब्लॉकमध्ये मारलेला अँकर वजनदार दार रोज उघडमिट होताना सैल पडतो. म्हणून चौकटीच्या दोन्ही अंगांना आरसीसीचे बारीक उभे पट्टे ओतून घेतले आणि चौकट त्यांत अडकवली.

चौकट बसवायच्या पहिल्या दिवशी फिटरने पिशवीतून पीयू फोमचा डबा काढला. मुंबईत दार बसवणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीत तो असतोच: फट दिसली की फोम, फुगला की कापा, वर पुट्टी. साधा पीयू फोम जळतो, आणि जळला की चौकट व भिंत यांच्यामधे आरपार पोकळी राहते. डबा परत पिशवीत गेला. चौकटीचा पोकळ भाग मागून सिमेंटच्या मसाल्याने गच्च भरून घेतला. फिटर नाराज होता, कारण मसाला वाळेपर्यंत पल्ला लावता येत नाही आणि त्याचा रोज बुडतो. त्याची तक्रार खरी होती. मग सात मजल्यांच्या चौकटी एकदम आणि नंतर पल्ले, असा क्रम लावून दिला.

उंबरठा मुद्दाम वर घेतला. कारण साधं आहे: लॉबी धुणाऱ्या मावशी बादली ओततात आणि पाणी उताराला लागून डक्टमध्ये शिरतं. जुन्या प्लायचा खालचा वीतभर भाग त्यानेच कुजला होता. स्टीलची चौकट कुजत नाही, पण प्रभादेवीच्या खाऱ्या हवेत रोज भिजली तर दोन-तीन पावसाळ्यांत तळातून गंजेल. गॅल्व्हनाइज्ड पत्रा आणि त्यावर पावडर कोटिंग मागितलं तेही याचसाठी.

स्लॅबमधली भोकं

दार बंद असलं तरी स्लॅब उघडा असेल, तर खालच्या मजल्याची आग आणि धूर डक्टमधून वर जाणार, आणि वरच्या कुठल्याही एका मजल्यावर दार उघडं राहिलं की तिथून बाहेर पडणार. चौदा दारांपैकी तेरा बंद असून उपयोग नाही. भोकं बुजवली तर प्रत्येक मजल्याचा डक्ट स्वतंत्र खोका होतो आणि एका दाराचा हलगर्जीपणा एका मजल्यापुरता राहतो. मला दोहोंपैकी एकच करायला सांगितलं असतं, तर मी आधी भोकं बुजवली असती.

आधी मेलेल्या केबली काढल्या. कुठली जिवंत आणि कुठली मेलेली हे कळायला त्या त्या ऑपरेटरच्या माणसाला उभं करावं लागलं, आणि ते येईपर्यंत काम अडून राहिलं. मग बेस्टकडून शटडाऊन घेऊन भोकांत रॉकवूलचे बोर्ड बसवले, वर अग्निरोधक लेप, केबलींच्या भोवती आगीत फुगणारं मॅस्टिक, म्हणजे घट्ट लगदा. प्रत्येक भोकाचा एक कोपरा मुद्दाम पिलोंनी भरला. पिलो म्हणजे आगीत फुगणाऱ्या मसाल्याच्या लहान पिशव्या. उद्या इंटरनेटवाला नवी केबल घेऊन येणारच. त्याला पिलो काढून, केबल ओढून, पिलो परत ठेवता आल्या पाहिजेत, नाहीतर तो ड्रिल मारणार आणि भोक उघडं टाकून जाणार.

कुलूप

सर्वांत जास्त चर्चा मात्र कुलपावर झाली. दार स्वतः मिटून स्वतः लॅच झालं पाहिजे, हे सगळ्यांना मान्य होतं. किल्ली कुणाकडे, यावर दोन मीटिंगा गेल्या. दुसऱ्या मजल्यावरचे एक काका म्हणाले, 'अहो, रात्री एमसीबी पडली तर मी वॉचमनला शोधत खाली जाऊ का?' रास्त प्रश्न. पण या इमारतीत घराची एमसीबी घरातच आहे, डक्टमध्ये रहिवाशाचं काही काम नाही, हे इलेक्ट्रिशियनने त्यांना दाखवलं तेव्हा ते शांत झाले. चौदाही दारांना एकच किल्ली ठेवली: एक वॉचमनच्या केबिनमध्ये रजिस्टरसोबत, एक सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनकडे, एक मीटर केबिनजवळ काच फोडून घ्यायच्या डबीत. डक्ट माणूस आत उभा राहील इतका खोल आहे, म्हणून आतून विनाकिल्ली उघडणारा लॅच घेतला.

दारं लागून काही आठवडे झाले असतील, सातव्या मजल्यावर कुणीतरी पल्ल्याला आरपार भोक पाडून कडी-कोयंडा लावला. हेतू चांगला होता, कुरियरवाले दार उघडून बघतात म्हणून. पण भोक आरपार गेलं की तो पल्ला चाचणीतला पल्ला राहत नाही. विक्रेत्याला विचारून पल्लाच बदलावा लागला आणि बिल त्या घराच्या नावे पडलं. त्यानंतर कुणी ड्रिल लावलेलं नाही. दिवाळीत रंगारी येतील तेव्हा चौकटीतल्या, आगीत फुगून फट बुजवणाऱ्या पट्टीवर आणि रेटिंगच्या पट्टीवर रंग चढवणार नाहीत, यासाठी वर्क ऑर्डरमध्ये एक ओळ घालून ठेवली आहे.

पावसाळ्यात एक अडचण निघाली. वरच्या चार मजल्यांवर लॉबीच्या खिडकीतून समुद्रावरचा वारा असा येतो की क्लोजर पल्ला चौकटीपर्यंत आणतो, पण शेवटचं बोटभर अंतर राहून लॅच लागत नाही. लांबून दार बंद दिसतं. क्लोजरचा शेवटच्या टप्प्याचा वेग वाढवून बहुतेक दारं जमली. बाराव्या मजल्यावर चौकटच किंचित तिरकी बसली होती, तिथे बिजागरीखाली पातळ पट्टी देऊन पल्ला सरळ केला. पल्ला आणि चौकट यांतली फट तपासायला वॉचमनच्या केबिनमध्ये ३ मिलिमीटरची पत्र्याची पट्टी दोरीला बांधून ठेवली आहे. ती फटीत सहज सरकली, तर फट जास्त आहे आणि इलेक्ट्रिशियनला बोलवायचं.

जुलैचा फॉर्म 'बी' शेऱ्याशिवाय गेला. फाईलमध्ये चाचणीचा अहवाल, प्रत्येक दाराच्या पट्टीचा फोटो, चौकट भरण्याआधीचे आणि भोकं बुजवल्यावरचे मजल्यावार फोटो आहेत. पुढच्या वेळी एजन्सी बदलली तरी भिंत उखडून दाखवावी लागणार नाही. तळमजल्याच्या लिफ्ट लॉबीत फॉल्स सीलिंगमधून केबल ट्रेकडे जाणारी एक झडप उरली आहे. तिला भिंतीसाठी तपासलेलं दार आडवं लावून चालणार नाही, आडव्या स्थितीत तपासलेलंच लागतं. तसं मिळेपर्यंत ते काम लिफ्टच्या दुरुस्तीबरोबर घ्यायचं ठरलं आहे.